व्यवसायोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण : अर्ज भरण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांची चर्चा होते. त्यापलीकडे आरोग्यसेवेची कितीतरी दालने आहेत, याची कल्पना पालकांना नसते आणि मुलांनाही कोणी सांगत नाही. अशाच एका दालनाविषयी, म्हणजे व्यवसायोपचाराविषयी, प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. इस्पितळात यालाच ‘ओ.टी.’ म्हणतात, मात्र ऑपरेशन थिएटरलाही ओ.टी. म्हणत असल्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो.

लिहिण्यास कारण घडले ते असे. संस्थेच्या मार्गदर्शन केंद्रात आमच्याकडे दोन विद्यार्थी आले. एक मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. दुसरा मुलगा व्यवसायोपचाराची पदवी घेऊन इंटर्नशिप पूर्ण केलेला. दोघांनाही अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे होते. दोघांनी एकाच अभ्यासक्रमावर खूण केली होती आणि दोघांचीही चूक झाली होती. मात्र दोघांच्या चुका वेगवेगळ्या होत्या. अर्ज तसाच गेला असता तर पैसे आणि वर्ष दोन्ही वाया गेले असते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. वैद्यकशास्त्रातले आम्हास काही कळते असा आमचा दावा नाही. परंतु शिक्षणकर्जाची प्रकरणे आमच्या टेबलावरून जातात आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचणे हे आमचे रोजचेच काम आहे. त्या अनुभवावर हे चार शब्द.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

येथे ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा किंवा नोकरी एवढेच नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो, म्हणजे आंघोळ, जेवण, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक, कामावर जाणे, ते सारे त्यात येते. आजाराने, अपघाताने किंवा जन्मतःच्या व्यंगाने ज्यांना ही कामे जमत नाहीत, त्यांना ती पुन्हा जमावीत म्हणून जे उपचार करतात, ते व्यवसायोपचार तज्ज्ञ.

आमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला. औषधपाण्याने जीव वाचला. पण दुसऱ्याने भरवल्याशिवाय घास तोंडात जात नव्हता. स्वाभिमानी माणूस, जेवणच टाकू लागला. सार्वजनिक इस्पितळातील ओ.टी. विभागाच्या एका बाईंनी चमच्याच्या दांड्याला जाड गुंडाळी करून तो त्यांच्या हातात बसवून दिला. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना चांगला हात आधी काढावा, हे शिकविले. काही महिन्यांनी वडील आपल्या हाताने जेवू लागले. त्या दिवशी आईने ताट वाढले आणि ती दाराआड जाऊन रडली. हे शिक्षण घेणाऱ्या मुलांना आपण काय शिकणार आहोत, हे यावरून समजावे.

या विद्येची आपल्याकडील सुरुवात मुंबईतच झाली. मूळच्या अमेरिकन, पण विवाहानंतर भारताच्या झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व्यवसायोपचाराच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. म्हणजे ज्या विद्येसाठी आपली मुले परदेशाकडे पाहतात, ती येथे पाऊणशे वर्षे रुजलेली आहे.

येथील वाट

आपल्या राज्यात या वाटेवर पहिल्या पायरीपासूनच जावे लागते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे. पदवीचे प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या आधारे होतात. मुंबईतील के.ई.एम., नायर व शीव येथील रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे हे शिक्षण मिळते. पदवीनंतर पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्यास येथे थेट पदव्युत्तर वर्गात जागा नाही. व्यवसाय करावयाचा तर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते, आणि २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केल्यापासून हा व्यवसाय त्या कायद्याच्या कक्षेत आला आहे.

अमेरिकेची दोन दारे

अमेरिकेत व्यवस्था वेगळी आहे. तेथे व्यवसायोपचार तज्ज्ञ होण्याचे मूळ शिक्षणच पदवीनंतर सुरू होते. २००७ पासून तेथील मान्यता मंडळ पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांनाच तज्ज्ञ-शिक्षण म्हणून मान्यता देते. पुढे केवळ डॉक्टरेटच ठेवावी असाही विचार झाला होता. परंतु २०१९ साली मास्टर्स आणि डॉक्टरेट हे दोन्ही मार्ग चालू ठेवण्याचे ठरले.

घोटाळा होतो तो यापुढे. एकाच विद्यापीठात ‘मास्टर्स’ किंवा ‘डॉक्टरेट’ या नावाचे दोन निरनिराळे अभ्यासक्रम असू शकतात.

पहिला ‘एन्ट्री-लेव्हल’, म्हणजे व्यवसायात प्रथम प्रवेश देणारा. तो कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुला असतो; मात्र ठरावीक विषय आधी पूर्ण केलेले असावे लागतात. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असेल तर तो पूर्ण केल्यावर एन.बी.सी.ओ.टी. या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा देता येते व त्यानंतर त्या त्या राज्याचा परवाना मिळविता येतो.

दुसरा ‘पोस्ट-प्रोफेशनल’, म्हणजे आधीच व्यवसायोपचार तज्ज्ञ असलेल्यांसाठी. त्यातून ज्ञान वाढते, संशोधन करता येते, अध्यापनाकडे जाता येते. परंतु केवळ ती पदवी घेतल्याने राष्ट्रीय परीक्षेला बसण्याचा हक्क मिळत नाही. भारतात शिकलेल्या तज्ज्ञास आपल्या मूळ शिक्षणाची पात्रता त्या मंडळाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावी लागते.

आमच्या दोन्ही विद्यार्थ्यांनी खूण केली होती ती या दुसऱ्या अभ्यासक्रमावर. मुलगी त्यास पात्रच नव्हती. मुलगा पात्र होता. पण ही पदवी हाती पडली की तेथे लगेच नोकरी करता येईल, अशी त्याची समजूत एका एजंटाने करून दिली होती. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पहिला प्रश्न हाच विचारावा : हा अभ्यासक्रम कोणासाठी आहे, आणि तो पूर्ण केल्यावर मला कोणत्या परीक्षेला बसता येईल? उत्तर विद्यापीठाकडूनच लेखी घ्यावे.

अर्जाची तयारी

प्रथम प्रवेशाच्या अभ्यासक्रमासाठी बहुतेक विद्यापीठे ‘ओटीकॅस’ या एकत्रित सेवेमार्फत अर्ज घेतात. नवे अर्ज साधारणतः जुलैच्या सुमारास सुरू होतात आणि प्रवेश पुढील वर्षाचा असतो. म्हणजे तयारी दीड ते दोन वर्षे आधी हवी. ती पुढील क्रमाने करावी.

१) आधी पूर्ण करावयाचे विषय : शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र (बहुधा प्रयोगशाळेसह), संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र आणि समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र हे सामान्यतः मागितले जातात. मानसशास्त्राच्या पदवीधराचे निम्मे काम झालेले असते. शरीररचना मात्र नव्याने शिकावी लागते. यादी प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते.

२) पदवीची वर्षे : आपली बी.ए. तीन वर्षांची, अमेरिकेची पदवी चार वर्षांची. अनेक विद्यापीठे तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत. एम.ए. झालेल्यास किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यास ही अडचण कमी येते. गुणपत्रिकांचे मूल्यमापन परदेशी संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि त्यासाठी आपल्या विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढावे लागतात. त्यात वेळ जातो. ते काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

३) निरीक्षणाचे तास : तज्ज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम पाहिल्याचे तास अनेक ठिकाणी मागतात. भारतातील तास चालतात का, हे आधी विचारावे. तास मागितलेले नसले तरी ते करावेत. पंधरा दिवस ओ.टी. विभागात बसल्यावर हे काम आपल्याला आवडते की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

४) शिफारसपत्रे : एक प्राध्यापकांचे व शक्य तर एक व्यवसायोपचार तज्ज्ञाचे असावे. नगरसेवकाचे किंवा आमदाराचे पत्र येथे उपयोगाचे नाही.

५) निवेदन : ‘मला हा विषय का घ्यावयाचा आहे’ यावर एक-दोन पाने लिहावी लागतात. येथे आपली मुले कोठून तरी उतरवून काढतात, आणि ‘मानवजातीची सेवा’ वगैरे मोठे शब्द घालतात. तसे करू नये. घरातील आजी, शेजारचे मतिमंद मूल, गिरणीत बोटे गमावलेले काका, यांपैकी जे स्वतः पाहिले ते साध्या शब्दांत लिहावे. आपल्या वस्त्यांतल्या मुलांनी अशी माणसे जवळून पाहिलेली असतात.

६) परीक्षा : इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस बहुधा लागते. जीआरई अनेक ठिकाणी मागत नाहीत.

प्रवेशानंतरही वर्गातील अभ्यासाबरोबर किमान २४ आठवड्यांचे पूर्णवेळ प्रत्यक्ष प्रशिक्षण करावे लागते. त्या काळात पोटापाण्यासाठी इतर काम करू, असा हिशेब कोणी मांडू नये.

पैशाचा प्रश्न

येथे आम्ही आमच्या टेबलावरून बोलतो. बँकांच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव तारण द्यावी लागते. परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात पंधरा टक्के वाटा स्वतः उभा करावा लागतो. शिक्षणाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत असते, हे पालकहो, विसरू नका. परतफेडीचा हिशेब डॉलरच्या पगारावर करू नये. परत यावे लागले तर रुपयांच्या पगारात हप्ता झेपेल काय, असा करावा. राहते घर तारण ठेवण्यापूर्वी तरी हा हिशेब कागदावर मांडावा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तसेच केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाबरोबरच विद्यापीठाचा जागतिक क्रमांकही पाहिला जातो. व्यवसायोपचाराचे अनेक चांगले अभ्यासक्रम लहान विद्यापीठांत चालतात व ती त्या क्रमांकात बसत नाहीत. म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच शिष्यवृत्तीची त्या वर्षाची जाहिरात शेजारी ठेवावी. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. परंतु केंद्राच्या योजनेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो आधीच काढून ठेवावा.

शेवटी

त्या दोन विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मुलाने एजंटास नमस्कार केला आणि राज्याच्या पदव्युत्तर सीईटीचा अभ्यास सुरू केला. परदेशाचा विचार नंतर करू म्हणाला. मुलीने एम.ए.ला प्रवेश घेतला. शनिवारी ती एका इस्पितळाच्या ओ.टी. विभागात परवानगी घेऊन बसते. मागच्या भेटीत तिने सांगितले, “काका, तिथे एक आजोबा सदऱ्याचं एक बटण लावायला पाव तास घेतात. मध्ये कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.”

आम्हास आमचे वडील आठवले. अर्ज उशिरा गेला तरी हरकत नाही, ही मुलगी योग्य वाटेवर आहे, असे त्या दिवशी वाटले. ज्या कोणास या वाटेने जावयाचे असेल, त्याने आपले कागद घेऊन अवश्य यावे. आपण सारे मिळून ते नीट वाचू.