परदेशातल्या विद्यार्थ्याचे बिऱ्हाड

परदेशात शिकून आलेल्या माणसांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. त्यांत पदव्यांच्या तारखा असतात, प्रबंधांची नावे असतात, बोटीवर निरोप द्यायला कोण आले होते याचीही नोंद असते. तो माणूस तिथे कोणत्या खोलीत राहिला, रात्री काय जेवला, महिनाअखेर पैसे संपले तेव्हा त्याने काय केले, हे मात्र एखाद्या परिच्छेदात उरकलेले असते. वास्तविक शिक्षण पुरे होते की नाही, आणि झाल्यावर माणूस धडधाकट परत येतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्या बिऱ्हाडावर ठरते. आज नाशिकसारख्या शहरातून घरटी एक म्हणावे इतक्या सहजपणे मुले परदेशी निघाली आहेत. अशा वेळी जुन्या विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे पुन्हा एकदा पाहून घेणे उपयोगाचे ठरेल.

धुराडे आणि गारठा

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पती गोपाळराव हिंदुस्थानातच राहिले होते. पहिला उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी काढला. ही ओळख केवळ पत्रांतून झालेली. पण त्या घरात त्यांना आपुलकी मिळाली, निगा मिळाली. खरा प्रश्न उभा राहिला तो त्यानंतर, फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेऊन त्या एकट्या राहू लागल्या तेव्हा.

कॉलेजने त्यांना शिष्यवृत्ती दिली. प्रमुख रेचल बॉडली यांची त्यांच्यावर माया होती. पण राहायला मिळालेल्या खोलीतल्या शेकोटीचे धुराडे सदोष होते. विस्तव पेटवला तर खोलीभर धूर, न पेटवला तर गारठा. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. कल्याणला वाढलेल्या मुलीला शेकोटी कशी राखायची हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यातून शाकाहाराचे व्रत. स्वतः रांधायचे, व्याख्यानांना जायचे, शवविच्छेदन शिकायचे आणि परत येऊन पुन्हा चूल पाहायची. पोशाखाचाही पेच होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची पाचवारी स्वीकारली. परंतु साडी सोडली नाही. घरी दिलेला शब्द होता की धर्म, आहार आणि वेष बदलणार नाही. तो त्यांनी पाळला, आणि त्याची किंमत रोजच्या रोज मोजली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. पण मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसीन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तेव्हा एका धुराड्यामुळे त्या गेल्या असे कोणी म्हणू नये. एवढे मात्र खरे की थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी खंगलेले शरीर त्या रोगाला फार काळ दाद देऊ शकत नसे, आणि हे तिन्ही त्या बिऱ्हाडात होते.

जेवणाची हजेरी

लंडनला बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षेइतकीच एक वेगळी अट असे, ती म्हणजे जेवणाची. विद्यार्थ्याला आपल्या 'इन'च्या भोजनगृहात दर सत्रात ठरावीक वेळा जेवायला बसावे लागे. त्याला 'टर्म्स भरणे' म्हणत. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळात इनर टेंपलमध्ये होते. चौघांच्या टेबलाला दारूच्या दोन बाटल्या मिळत, आणि हे पीत नसल्यामुळे प्रत्येकाला ते आपल्या टेबलावर हवे असत, ही हकिकत त्यांनी आत्मचरित्रात गंमतीने सांगितली आहे. ताटातले मात्र पाव, बटाटे आणि कोबी एवढेच त्यांच्या वाट्याला येई. फीखेरीज या जेवणांचा आणि पोशाखाचाही खर्च धरावा लागे; घरून निघताना तो कोणी हिशेबात धरत नसे.

नाशिकपासून जवळच असलेल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या जूनमध्ये मुंबईहून निघाले ते याच शिक्षणासाठी. त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. श्यामजी कृष्णवर्मा यांनी जाहीर केलेली आणि सरदारसिंह राणा यांनी दिलेली शिवाजी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. सरकारी नोकरी करायची नाही, ही तिची अट. राहायला हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू, म्हणजे १ जुलै १९०५ रोजी उघडलेले इंडिया हाउस. या घराचा राजकीय इतिहास सर्वांना माहीत आहे. ते मुळात वसतिगृह होते, हे मात्र आपण विसरतो. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला खोली मिळणे घरमालकिणीच्या मर्जीवर असे. अशा शहरात आपल्या भाषेत बोलता येईल, आपल्या चवीचे जेवता येईल आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालता येईल, अशी ही जागा होती.

तिची किंमत कळली ती ती गेल्यावर. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या, आणि पुढे हे घर बंद झाले. त्यानंतर सावरकरांना लंडनमध्ये राहायला जागा मिळणेच कठीण होऊन बसले. बिऱ्हाडे बदलत राहावे लागले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, परक्या शहरात विद्यार्थ्याचे छप्पर किती पातळ असते हे या प्रसंगातून दिसते.

चार पापड आणि वाचनालय

त्याच ग्रेज इनमध्ये दहा वर्षांनी, १९१६ साली, आणखी एका मराठी विद्यार्थ्याने नाव नोंदवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तोवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे काढून आले होते. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची. त्यातून घरी पाठवायचे, आणि उरलेल्यात जेवण व जुनी पुस्तके. पुस्तकांची खरेदी एवढी झाली की ती पुढे वेगळ्या बोटीने पाठवावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती बोट पाणतीराने बुडाली आणि ग्रंथसंग्रह समुद्रात गेला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्यात छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची भर पडली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळचे दिवस चरित्रकारांनी तपशिलाने नोंदवले आहेत. सकाळी घरमालकीण देई तेवढा पावाचा तुकडा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्रीचा बेत बोव्हरिलच्या पेल्यावर भागवायचा. पुन्हा वाचत बसले की दहाच्या सुमारास भूक लागे, तेव्हा चार पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. इकडे मुंबईत रमाबाई तितक्याच ओढगस्तीत संसार चालवत होत्या. मुंबई-लंडन डाकेला दोन-तीन आठवडे लागत. घरची अडचण कळेपर्यंत ती जुनी झालेली असे.

या बिऱ्हाडातून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली आणि रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध उभा राहिला. वाचनालय फुकट होते, उबदार होते आणि तिथे जात कोणी विचारत नव्हते. खोलीची उणीव त्या सभागृहाने भरून काढली. परतल्यावर सात वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. त्यांचे १०, किंग हेन्रीज रोड हे लंडनचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे.

आजचा हिशेब

आता घरी दररोज व्हिडिओ कॉल होतो, खोली ऑनलाइन ठरते, पोहे-पापड बॅगेत जातात. पण छप्पर, जेवण, ऊब आणि पैसा ही चौकट तीच आहे. फरक एवढाच की तिचा हिशेब आता सरकारेच मांडतात. जर्मनीचा व्हिसा हवा असेल तर सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो या दराने वर्षाची रक्कम बंद खात्यात आधी दाखवावी लागते. ब्रिटनने जानेवारी २०२५ पासून निर्वाहासाठी लंडनला महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरले. एकाच देशात शहर बदलले की आकडा बदलतो, हे त्या सरकारला मान्य आहे.

आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि ती राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने आहे. तिच्यात शुल्क मिळते, विमानभाडे मिळते. निर्वाह भत्ता मात्र ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड असा अनेक वर्षे राहिला आहे. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड, मग विद्यार्थी लंडनला असो की एखाद्या लहान गावी. लंडनच्या वरील आकड्याशी ताडून पाहिले तर दरमहा साडेसहाशे पौंडांची तूट निघते. ती विद्यार्थी भरून काढतो कशी? ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते. ते तास वाचनालयातून वजा होतात, झोपेतून वजा होतात. आणि तरीही उरले तर जेवणातून. भत्ता देशावर न ठरवता शहरावर ठरवणे, आणि दरवर्षी भाववाढीशी जोडणे, ही मागणी म्हणूनच सवलतीची नव्हे, हिशेबाची आहे.

घरच्यांनीही विद्यापीठाचा क्रमांक विचारतानाच आणखी चार गोष्टी विचाराव्यात: खोलीत उष्णतेची सोय कोणती आणि तिचे बिल कोण भरणार, स्वयंपाकघर आहे का, वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि आजारी पडल्यास कोणाचे दार ठोठवायचे. आनंदीबाईंच्या वेळी हे प्रश्न विचारायला कोणी नव्हते. त्यांची उत्तरे आज एका फोनवर मिळतात.