चरबीचा सांगावा

श्रोते हो, खरीप हाताशी आला की गावोगावची पैसेवारी ठरते, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. आपले वडीलधारे तिलाच आणेवारी म्हणत. शिवारात पीक किती आले याचा अंदाज खालून वर कचेरीत जातो आणि सूट द्यायची की नाही हे तिथे ठरते. आपल्या शरीरातही अशीच एक पैसेवारी रोज लागत असते. इथले शिवार म्हणजे अंगावरची चरबी, कचेरी म्हणजे मेंदू, आणि चरबीचा सांगावा रक्तातून मेंदूपर्यंत नेणारा जो पदार्थ, त्याचे नाव लेप्टिन.

चरबी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कणगी येते. जास्तीचे आले की भरून ठेवायचे, कमी पडले की काढायचे. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञही चरबीला याहून अधिक मान देत नव्हते. पण कणगी मुकी असते आणि चरबी बोलते. ती बोलते हे समजायला ४५ वर्षे लागली, आणि तेही उंदरांच्या कृपेने!

अमेरिकेत मेन नावाचे एक राज्य आहे. तिथल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे, आणि संशोधनासाठी उंदरांच्या जाती सांभाळणे हे तिचे मोठे काम. १९४९ साली तिथे एका वेतात काही विलक्षण लठ्ठ पिल्ले दिसली. ती सारखी खात, फारशी हलत नसत, आणि वाढून नेहमीच्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होत. पुढे १९६६ मध्ये तिथेच दुसरी एक जात आढळली. तीही लठ्ठ, आणि शिवाय तिला जबर मधुमेह. वरून पाहिले तर दोन्ही जाती सारख्याच खादाड.

डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने मग एक युक्ती केली. दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवायच्या, म्हणजे एकाचे रक्त थोडे थोडे दुसऱ्यात जाते. मधुमेही लठ्ठ उंदराला त्याने साध्या उंदराशी जोडले. काय झाले असेल? लठ्ठ उंदीर खातच राहिला, आणि साध्या उंदराने मात्र समोर अन्न असून खाणे सोडले व तो उपासाने मेला. पुढे त्याच मधुमेही उंदराशी त्याने पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर जोडला. त्यानेही खाणे टाकले! कोलमनने १९७३ पर्यंत याचा उलगडा मांडला तो असा: मधुमेही उंदराच्या रक्तात ‘पुरे झाले’ असे सांगणारा काही पदार्थ भरपूर आहे, पण त्याच्या स्वतःच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. पहिल्या जातीला ऐकू येते, पण तिच्यात तो पदार्थच बनत नाही. एकाकडे पोस्टमन नाही, दुसऱ्याच्या घराला दार नाही. हातात तो पदार्थ नसताना केवळ विचाराने एवढे अचूक सांगणे, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे काम वाटते. त्या वेळी मात्र अनेकांना ते पटले नाही. भूक ही इच्छाशक्तीची बाब, तिथे रक्तातला पदार्थ कसला, असे म्हणणारे पुष्कळ होते.

पदार्थ सापडला १९९४ साली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी आठ वर्षे खपून पहिल्या जातीच्या उंदरातील बिघडलेले जनुक हुडकले. त्यात एकच अक्षर बदलले होते. हे जनुक चालते कुठे, तर चरबीच्या पेशींत. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाला ग्रीक भाषेतील ‘सडपातळ’ या अर्थाच्या शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळाले. ते टोचताच लठ्ठ उंदीर बारीक झाले.

आता शिक्षक बंधुभगिनींनी इथे जरा लक्ष द्यावे. १९९७ साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. इंग्लंडात राहणाऱ्या, मूळच्या पाकिस्तानी घराण्यातली ही दोन चुलत भावंडे. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मतः दोघांचे वजन ठीक होते. पण भूक अशी, की कितीही खाल्ले तरी भागेना. तपासले तेव्हा दोघांच्या लेप्टिनच्या जनुकात एक अक्षर गळलेले आढळले. ओळीतले एक अक्षर गळून पुढची सगळी अक्षरे एकेक घर मागे सरकली, तर वाक्याचा जसा अर्थ जातो, तसेच झाले होते. मुलीला नवव्या वर्षी लेप्टिनची इंजेक्शने सुरू केली. तेव्हा तिचे वजन ९४.४ किलो होते. वर्षभरात १६.४ किलो उतरले, आणि तेही बहुतेक निव्वळ चरबीचे. खाणे तर थोड्याच दिवसांत आवरले. अशा मुलाला वर्गात ‘हावरट’ म्हणून हिणवणारे आपल्याकडेही कमी नाहीत. हा दोष फारच दुर्मिळ आहे हे खरे. पण तान्हेपणापासूनच भूक भागत नसेल आणि वजन भराभर वाढत असेल, तर त्या मुलाला उपदेशाची नव्हे, डॉक्टरची गरज असते.

मग झाले की! प्रत्येक लठ्ठ माणसाला लेप्टिन टोचावे, प्रश्न सुटला. असेच अनेकांना वाटले. १९९५ साली एका औषध कंपनीने २ कोटी डॉलर देऊन हक्कही घेतले. पण १९९९ मध्ये लठ्ठ माणसांवरच्या प्रयोगाचा निकाल आला आणि उत्साह ओसरला. काहींचे वजन उतरले, बऱ्याच जणांच्या पदरी फारसे काही पडले नाही.

याचे कारण आपल्या पैसेवारीतच आहे, बरं का. पैसेवारी खाली आली की कचेरी जागी होते: सूट, सवलत, दुष्काळी कामे. ती ऐंशी लागली काय नि नव्वद लागली काय, कुणी धावून येत नाही. लेप्टिनचेही तसेच. लठ्ठ माणसाच्या रक्तात ते आधीच भरपूर असते आणि मेंदू तिकडे फारसे लक्ष देईनासा झालेला असतो. त्यात आणखी भर घालून काय होणार? उलट ते घटले की मेंदू खडबडून उठतो. भूक वाढवतो, ऊर्जेचा खर्च कमी करतो, बाईची पाळीसुद्धा बंद पाडतो, कारण दुष्काळात लेकरू वाढवणे परवडत नाही. कडक उपास करून वजन उतरवणाऱ्याचे वजन पुन्हा का चढते, त्याचे एक कारण हेच आहे. चरबी आटली, लेप्टिन घटले, मेंदूने दुष्काळ जाहीर केला! आणि लेप्टिनच्या नावाने बाजारात गोळ्या दिसल्या तर पैसे घालवू नका. ते प्रथिन आहे. पोटात गेले की डाळीसारखे पचून जाते, म्हणूनच ते टोचावे लागते.

काही माणसांच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. तुम्ही म्हणाल, भाग्यवान! पण त्यांना कडक मधुमेह होतो. साठवायला कोठार नाही, म्हणून जास्तीची चरबी यकृतात आणि स्नायूंत घुसते. लेप्टिनचे औषध खरे उपयोगी पडले ते यांनाच, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

म्हणजे चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे पाहायला हवे, आणि इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, स्नायू तर फारच कमी. पण पाठीवरच्या चरबीत त्यांची घट सर्वांत थोडी निघाली. दिसायला बारीक, आत चरबी. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, २२.३ हाच आकडा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

तेव्हा ‘मी तर काटकुळा, मला कसली साखर’ असे म्हणणाऱ्याने एक सुतळी घ्यावी. तिने आपली उंची मोजावी, तिची निम्मी घडी करावी आणि ती बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळावी. टोके एकमेकांना पोचली नाहीत, तर पुढच्या वेळी बाजारला जाल तेव्हा वाटेतल्या आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासून घ्या.