जुन्या जीपचा हँडब्रेक

पायाचा ब्रेक नीट लागतो ना, मग गाडी ठीक आहे, असं आपण समजतो. हँडब्रेकची आठवण होते ती गाडी उतारावर उभी करायची वेळ आली म्हणजे. पण गाडीत माणूस नसताना तिला जागेवर धरणारा पहारेकरी हाच. तो झोपला, तर खाली बाजार भरला आहे की मुलं खेळताहेत, हे गाडी पाहत नाही.

कळमनुरीहून पैनगंगेकडे निघालात की रस्ता सारखा चढतो-उतरतो. अशा मुलखात जुनी गाडी म्हटली की जीपच डोळ्यांपुढे येते. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुंबईच्या कंपनीने विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या, आणि पुढे त्या सरकारी कचेऱ्यांपासून शेतवाड्यांपर्यंत पोचल्या. आपण अशी एखादी जीप जपली असेल, तर तिच्या हँडब्रेकची गोष्ट नीट समजून घ्या. तो इतर मोटारींसारखा नाही.

अँबॅसेडरसारख्या मोटारीत हँडब्रेकची तार मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमपर्यंत जाते. जुन्या जीपमध्ये ती चाकांपर्यंत जातच नाही. डॅशखालची मूठ ओढली की केबल ताणली जाते आणि ट्रान्सफर केसच्या मागे असलेला एक लहान ड्रम धरला जातो. मागच्या आसाकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट याच ड्रमला जोडलेला असतो. म्हणजे हा ब्रेक चाकं धरत नाही, चाकं फिरवणारा दांडा धरतो. युद्धकाळातल्या पहिल्या जीपना ड्रमवर बाहेरून आवळणारा पट्टा असे. नंतर आतून फाकणारे दोन शू आले. पुढची माहिती या शूवाल्या ब्रेकची आहे.

आता दोष कसा ओळखायचा? पाना हातात घेण्यापूर्वी सपाट जागेवर चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि मूठ सावकाश ओढून पाहा. मूठ लांबवर आली आणि तरी पकड नाही, तर शू झिजले आहेत किंवा केबल सैल आहे. मूठ हलायलाच तयार नाही, तर केबल तिच्या नळीत गंजून अडकली आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत गेला की हे हमखास होतं. मूठ ओढलेली राहत नाही, परत आत जाते, तर तिचे दाते झिजले. मूठ सोडूनही ड्रम तापतो, जळका वास येतो, तर स्प्रिंग किंवा केबल शू मागे येऊ देत नाही. आणि मूठ बेताची येते, घट्टही लागते, तरी गाडी सरकते? मग लायनिंगवर तेल आलं आहे, असं समजा.

हा शेवटचा दोष जीपच्या पाचवीलाच पुजलेला. ट्रान्सफर केसचं मागचं ऑईल सील गळलं की तेल थेट ड्रममध्ये उतरतं. लायनिंग पेट्रोलने पुसून भागत नाही. ड्रम तापला की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. आधी सील बदला, ड्रम स्वच्छ करा, मगच नवं लायनिंग बसवा. जुन्या लायनिंगची धूळ मात्र फुंकू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

झीज थोडी असेल तर समायोजन पुरतं. पण इथे क्रम महत्त्वाचा. पुष्कळजण पहिल्यांदा केबल आवळतात. त्याने चार दिवस बरे जातात, पण खरी झीज झाकली जाते. आधी मूठ पूर्ण सोडा. ड्रमला भोकं असतात. गाडी किंचित ढकलून ती आतल्या दातेरी चक्रांसमोर आणा आणि ठोकळे पुन्हा लावा. स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही चक्रं शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवा, मग प्रत्येक सात दाते मागे घ्या. त्यानंतरच केबलची ढिलाई काढा.

एक धोका मात्र जीपवाल्याने कधीही विसरू नये. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हा हँडब्रेक निकामी होतो. शाफ्ट धरलेला असला, तरी डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. गाडी जॅकवरून घसरते, आणि त्या वेळी माणूस बहुधा खालीच असतो. म्हणून पंक्चर काढतानाही पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. चारचाकी गिअर टाकला तर पुढची चाकंही त्याच ब्रेकने धरली जातात. पण त्याने ठोकळ्यांची गरज संपत नाही. मागचा शाफ्ट किंवा ॲक्सल तुटला असेल, तर उत्तम हँडब्रेकही गाडी धरणार नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि चालत्या गाडीत तो ओढू नका. सगळा हिसका शाफ्टच्या सांध्यांवर येतो.

काम झालं की मोकळ्या, सौम्य उतारावर गिअर न्यूट्रल ठेवून, पायाचा ब्रेक हळूहळू सोडत परीक्षा घ्या. गाडी राहिली, तर काम झालं. सरकली, तर आवळत बसू नका. दोष कुठे आहे ते पुन्हा पहिल्यापासून शोधा. आणि ब्रेक कितीही चांगला असो, दोन ठोकळे गाडीत कायम ठेवा.