नोकरी गेली म्हणजे ती बेकायदा गेली का?

कामावरून कमी केल्याचे पत्र हाती पडले की मनुष्य बहुधा दोहोंपैकी एका टोकाला जातो. एक तर, मालकाची जागा, मालकाची मर्जी, तिथे आपले काय चालणार, असे म्हणून तो मुकाट्याने घरी बसतो. नाहीतर, इतकी वर्षे राबलेल्या माणसाला काढणे हाच मुळी गुन्हा आहे, तेव्हा न्यायालय आपल्याला ताबडतोब कामावर घ्यायला लावील, अशा भरवशावर तो राहतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांतल्या पहिलीने अधिक संसार बुडवले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची दृष्टी अशी की नोकरीवरून काढणे स्वतः बेकायदा नसते; ते कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या रीतीने केले, यावर सारे अवलंबून असते. कामगाराच्या हातून चोरी, मारहाण यांसारखे गैरवर्तन घडले, त्याला आरोपपत्र मिळाले, रीतसर खातेचौकशीत साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी मिळाली आणि आरोप शाबीत झाले, तर ती बडतर्फी, कुटुंबावर कितीही मोठा आघात करणारी असली तरी, कायदेशीरच असते. धंदा मंदावल्यामुळे केलेली कपातही निषिद्ध नाही. मात्र सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावेच लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. ही भरपाई काढतेवेळीच चुकती करावी लागते. ‘नंतर हिशेब करू’ एवढ्यावर बोळवण केलेली कपात न्यायालयात सहसा टिकत नाही.

वर्षभर सलग सेवा म्हणजे मागील बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम, हे कारखान्याच्या फाटकावर सर्वांना तोंडपाठ असते. परंतु ते मोजताना भरपगारी साप्ताहिक सुट्या आणि सणांच्या सुट्याही धराव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवून दिलेले असूनही, केवळ हजेरीचे दिवस मोजून कित्येक जण आपला हक्क आपणच नाकारतात.

आपल्या महाराष्ट्रात तर कामगाराच्या हाती आणखी एक साधन आहे. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या राज्य कायद्याची चौथी अनुसूची प्रत्येक कामगाराने एकदा तरी वाचावी. सूडबुद्धीने काढणे, उघड खोटे कारण देऊन काढणे, विनारजा गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकणे, क्षुल्लक चुकीसाठी, पूर्वीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणे, हे सारे प्रकार तिथे एकामागून एक नमूद केलेले आहेत. म्हणजे चूक खरी असूनही शिक्षा बेकायदा ठरू शकते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

या संरक्षणाला मर्यादाही आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्यवस्थापकीय अधिकार असलेला मनुष्य कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. खासगी कंपनीतील अशा अधिकाऱ्याला न्यायालय सहसा पुन्हा खुर्चीवर बसवीत नाही, आणि नुकसानभरपाईही बहुधा करारातील नोटिशीच्या पगाराच्या फारशी पुढे जात नाही. परंतु नुसत्या हुद्द्याने काही ठरत नाही. हिंजवडीतल्या एखाद्या तरुणाच्या ओळखपत्रावर ‘मॅनेजर’ असे छापले असले, तरी त्याच्या हाताखाली माणसे आहेत का, रजा मंजूर करण्याचा अधिकार त्याला आहे का, प्रत्यक्षात तो दिवसभर काय करतो, हे पाहूनच निर्णय होतो.

सर्वांत घातक समज राजीनाम्याविषयीचा आहे. ‘बडतर्फीचा डाग नको असेल तर इथे सही करा’ असे सांगून, तयार मसुदा पुढे सरकवून, तासाभरात कागद हातावेगळा केला जातो. आणि ज्याने सही केली, त्याच्यावर ती दबावाखाली झाल्याचे शाबीत करण्याचा भार येऊन पडतो. म्हणून अशा कागदावर त्या दिवशी सही करू नये; केलीच असेल, तर त्याच दिवशी लेखी हरकत पाठवून तिची पोच जपून ठेवावी. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची नोंद आणि आलेले प्रत्येक पत्र यांच्या प्रती घरी असाव्यात.

आणि मुदत विसरू नये. राज्य कायद्याखालील तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांच्या आत दाखल करावी लागते; उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय ती पुढेही घेऊ शकते, पण घेईलच असे नाही. साहेब परत बोलावतील या आशेवर तीन महिने थांबू नका. पत्र मिळाले त्याच आठवड्यात युनियनच्या किंवा वकिलाच्या दारी जा.