बोल्टचे आटे गेले? घरच्या घरी अशी करा दुरुस्ती

ऐन फवारणीच्या दिवसांत पंपाचा एखादा बोल्ट नुसताच फिरतो, घट्ट होत नाही. बहुतेक वेळा बोल्टचे नव्हे, तर ॲल्युमिनिअमच्या बॉडीतील छिद्राचे आटे गेलेले असतात. कारण ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा मऊ असते. बॉडी बदलण्याची घाई करू नका.

आधी तपासा
छिद्र स्वच्छ करून त्याच मापाचा नवा बोल्ट लावून पाहा. तो नीट आवळला गेला, तर दोष जुन्या बोल्टचा. छिद्राच्या तळाकडील आटे शाबूत असतील, तर थोडा लांब बोल्ट चालतो. मात्र तो तळाला टेकू नये.

नवे आटे पाडणे (८ मि.मी.च्या बोल्टसाठी)
१. छिद्राभोवती पुरेसा जाड धातू असेल तरच हा उपाय करा. डोळ्यांवर चष्मा लावा.
२. छिद्र ८.५ मि.मी. ड्रिलने सरळ मोठे करा.
३. १० मि.मी. टॅप (दोन आट्यांतील अंतर १.५ मि.मी.) काटकोनात धरा. ॲल्युमिनिअमवर थोडे रॉकेल, लोखंडावर तेल टाका. बिडाला कोरडेच चालते.
४. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवा. जोर लावल्यास टॅप आतच तुटतो.
५. चुरा पूर्ण काढा. तो इंजिनात पडू नये म्हणून टॅपला ग्रीस लावा.
६. झाकणाचे छिद्र ११ मि.मी. करून १० मि.मी. बोल्ट बसवा.

धातू कमी असल्यास हेलिकॉइल, म्हणजे तारेची आटे असलेली गुंडाळी, बसवून घ्यावी. त्यात मूळ मापाचाच बोल्ट बसतो. एपॉक्सी पुट्टी किरकोळ गळती थांबवते. भार पेलणाऱ्या आट्यांसाठी ती वापरू नका.

हे घरी करू नका
ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे बोल्ट आणि पीटीओ शाफ्ट यांचे काम कुशल मेकॅनिककडेच द्या. डिझेल-पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतील वाफेचाही स्फोट होतो.

पुढची काळजी
प्रत्येक बोल्ट आणि स्पार्क प्लग सुरुवातीचे काही फेरे हातानेच फिरवा. अडकला तर उलटा काढून पुन्हा लावा, पाना नंतर. तिरपा बसलेला बोल्ट पान्याने रेटल्यामुळेही आटे जातात.