शालीचे दाम चहाच्या पुडीत

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर उत्तर समुद्रात हेलकावे खात सकाळी लेरविकच्या धक्क्याला लागते. शेटलंड बेटांच्या या राजधानीत विणकाम करणारी माणसं जगभरातून येतात. २०१० पासून इथे ‘शेटलंड वूल वीक’ साजरा होतो. त्या सप्ताहाची गर्दी टाळून आलेल्याला लोकरीची दुकानं पालथी घालायला एक मोकळा दिवसही पुरतो.

नॉर्थ रोडवरचं ‘जेमिसन अँड स्मिथ’ धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. हे मूळचे लोकरीचे अडते. बेटांवरच्या शेकडो मेंढपाळांची लोकर इथे येते आणि अनुभवी हात ती नुसत्या स्पर्शाने प्रतवारीला लावतात. सर्वांत तलम लोकर लेसच्या शालींसाठी बाजूला निघते. कमर्शियल स्ट्रीटवर ‘जेमिसन्स ऑफ शेटलंड’ आहे. नाव सारखं असलं तरी घराणं वेगळं. त्यांची सूतगिरणी पश्चिमेला सँडनेस गावी आहे आणि दुकानाच्या फळ्यांवर २५ ग्रॅमचे गुंडे दोनशेहून अधिक रंगांत रचलेले असतात.

मेरिनो लोकरीची सवय असलेल्या बोटांना ही लोकर जरा खरखरीत लागते. तिचा खरा गुण त्यातच आहे. तिचे तंतू एकमेकांना घट्ट बिलगतात. म्हणून ‘फेअर आयल’ या रंगीत नक्षीचा स्वेटर सलग नळीसारखा गोल विणतात आणि मग पुढचा भाग किंवा बाहीची जागा मोकळी करण्यासाठी त्यावर सरळ कात्री चालवतात. टाके जागच्या जागी राहतात. महिनाभर खपून विणलेल्या कापडावर पहिल्यांदा कात्री धरणाऱ्याचं काळीज धडधडतं, पण शेटलंडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं.

फेअर आयलची पुढची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. प्रिन्स ऑफ वेल्सने १९२२ साली सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर तसा स्वेटर घातला आणि फॅशन पसरली. त्याआधीची कहाणी जास्त मोलाची आहे. तिची सुरुवात लेरविकच्या वेशीवरच्या ग्रेमिस्टामधल्या एका जुन्या घरात होते.

या घरात १७९२ साली आर्थर अँडरसन जन्मला. पुढे ‘पी अँड ओ’ या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक झाला. मराठी वाचकाचा या कंपनीशी जुना परिचय आहे. १९१० साली सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात ज्या ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, ती पी अँड ओचीच. अँडरसनने राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम पायमोजे भेट दिले आणि लंडनच्या श्रीमंत घरांत बेटांवरच्या विणकामाची मागणी वाढली. जमीनदारांच्या ताब्यातल्या कोळ्यांना सोडवण्यासाठी त्याने १८३७ साली मासेमारीची स्वतंत्र कंपनीही काढून पाहिली. पुढे त्याच्या जन्मघरात वस्त्रकलेचं संग्रहालय थाटलं गेलं.

शेटलंडच्या विणकामाची ओळख कमरेच्या पट्ट्यावरून पटते. पट्ट्याला घोड्याचे केस भरलेली चामड्याची गादी असते आणि तिला बारीक भोकं असतात. उजव्या सुईचं टोक त्या भोकात खुपसलं की सुईचा भार पट्टा घेतो, उजवा हात मोकळा होतो आणि चालता चालताही विणता येतं. पाठीवर सरपण म्हणून जाळायच्या पीट-मातीची टोपली आणि हातात सुया, अशा बायकांची जुनी छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. पर्यटकांसाठीच्या भेटकार्डांवर ती गोड दिसतात. त्या सुयांमागची निकड समजून घ्यायची तर १८७२ सालचा एक सरकारी अहवाल वाचायला हवा.

मजुरी पैशांऐवजी मालात देण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्रक’ म्हणत. १८३१ च्या कायद्याने ठरावीक उद्योगांत तिच्यावर बंदी आली होती. शेटलंडमध्ये ती सर्रास चालू होती. चौकशीसाठी सरकारने विल्यम गथ्री या वकिलाला पाठवलं. जानेवारी १८७२ मध्ये लेरविकला साक्षी सुरू झाल्या. प्रश्नांना क्रमांक देऊन उत्तरं जशीच्या तशी उतरवली गेली. कोळी, जमीनदार, व्यापारी यांच्याबरोबर विणणाऱ्या बायकाही साक्षीला उभ्या राहिल्या. एरवी ज्यांना कोणी दोन वाक्यं विचारली नसती, त्यांचा हिशेब पानोपानी छापला गेला.

हिशेब असा होता. बाई शाल घेऊन दुकानात जाई. व्यापारी किंमत सांगे, पण रोकड हातावर ठेवत नसे. त्याऐवजी कापड मिळे, चहा मिळे. लगेच काही नको असेल तर रक्कम लिहिलेली चिठ्ठी मिळे आणि ती वटायची त्याच दुकानात. शहरात भाड्याने राहणाऱ्या, जमीन नसलेल्या बाईला पीठ, बटाटे आणि जळण हवं असे. विणकामाच्या मालाचे व्यापारी नेमकं तेच विकत नसत. मग ती चहाची पुडी खेड्यात नेऊन पिठाशी अदलाबदल करायची आणि दर अदलाबदलीत थोडं गमवायची. भाडं तर रोखच द्यावं लागे.

व्यापाऱ्यांचा बचाव असा की शालीत त्यांना नफा उरत नाही, नफा सुटतो तो मोबदल्यात दिलेल्या मालावर. त्यामुळे रोख द्यायची तर भाव उतरवावा लागेल. हा बचाव नसून कबुली आहे. शालीची ठरलेली किंमत केवळ कागदावर होती, असंच त्यातून सिद्ध होतं. एकाच बाईकडून शाल घेताना आणि तिला माल देताना, दोन्ही वेळा भाव व्यापाऱ्याचाच.

कायद्यातली पळवाट बुजायला पंधरा वर्षं लागली. या बायका पगारी कामगार नव्हत्या. त्या घरी विणत आणि माल विकत, म्हणून कायद्याचं संरक्षण त्यांना लागू करणं अवघड होतं. १८८७ च्या सुधारणा कायद्याच्या दहाव्या कलमाने हा प्रश्न थेट हाताळला. घरी स्वतः विणलेल्या, पाच पौंडांहून कमी किमतीच्या वस्तूंपुरता विणणारा माणूस कामगार आणि विकत घेणारा दुकानदार मालक मानला जाईल, असं ते कलम सांगतं. तरीही अदलाबदल चालूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर सैन्याच्या छावण्या पडल्या. घरी पाठवायला हातमोजे, स्वेटर हवे असलेले सैनिक दारात आले आणि रोख मोजू लागले. कायद्याला न साधलेलं काम या नव्या गिऱ्हाइकाने बरंचसं केलं.

लोकरीच्या खरेदीचा दिवस हेज डॉकवरच्या ‘शेटलंड म्युझियम अँड आर्काइव्ह्ज’मध्ये संपवावा. ही इमारत २००७ साली खुली झाली. तिथल्या लेसच्या शालींसमोर विणकर माणूस टाके मोजण्यात रमतो, आणि ते रास्तच आहे. पण १८७२ च्या साक्षीही त्याच सहलीत वाचल्या जाव्यात. त्या वाचलेल्या माणसाला कमर्शियल स्ट्रीटवरच्या हातविणीच्या स्वेटरची किंमत जास्त वाटणार नाही. उलट इतक्या तासांच्या कामाला ती अजूनही कमीच आहे, असं तो दुकानदारालाही सांगेल.