खलाशाच्या अंगठ्याची किंमत

मासेमारीच्या बोटीवर जाळे ओढताना विंचेच्या दोरात एका खलाशाचा अंगठा सापडला आणि तुटला. तांडेलाने फडके बांधले, बोट बंदराला लावली, गड्याला दवाखान्यात पोचवले. दुसऱ्या दिवशी मालक आला. उशाशी पाच हजार रुपये ठेवून म्हणाला, "बरा झालास की ये कामाला." घरच्या माणसांनी मालकाला हात जोडले.

असे प्रसंग किनाऱ्यावरच्या गावांत घडतात. मालक वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या अंगठ्याची किंमत पाच हजार नव्हती. किती होती, ते पाहू या.

कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कायद्याचे नाव बदलले, हक्क राहिला. मालकाची चूक होती, हे खलाशाला सिद्ध करावे लागत नाही. दोर जुना होता की नवा, हा प्रश्नच नाही. काम करताना, त्या कामामुळे लागले, एवढे पुरे.

हा हक्क इंजिनाच्या बोटीवरच्या खलाशाला आहे, तसा तांडेलालाही आहे. बंदरात जहाजाचा माल चढवणारा-उतरवणारा, जहाज रंगवणारा, पाण्यात बुडी मारून काम करणारा, यांनाही आहे. नदीवर किंवा खाडीत दहांपेक्षा जास्त माणसे नेणारी तर असेल, तर तिच्यावरचा नोकरही त्यात येतो.

आता हिशेब. समजा, आपल्या खलाशाचे वय ३० आणि पगार महिना १२,००० रुपये. कायद्याने प्रत्येक वयासाठी एक आकडा ठरवून दिला आहे. वय वाढते तसा तो कमी होतो. तीस वर्षांसाठी तो २०७.९८ आहे. माणूस कायमचा पुरा निकामी झाला, तर पगाराच्या शंभरातले साठ भाग घेऊन या आकड्याने गुणायचे. म्हणजे ७,२०० गुणिले २०७.९८. झाले १४,९७,४५६ रुपये. अंगठा गेला तर कमाईची ताकद शंभरात तीस भाग गेली, असे कायदा धरतो. म्हणून या रकमेचे शंभरातले तीस भाग. म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये. शिवाय औषधपाण्याचा खर्च मालकाकडे. आणि मालक म्हणत होता पाच हजार!

मालक कधी म्हणतो, "गडी दारू प्यायला होता." तसे ठरले आणि अपघात त्यामुळेच झाला असला, तर भरपाई बुडते, हे खरे. पण माणूस मेला किंवा कायमचा पुरा निकामी झाला, तर ही सबब चालत नाही.

खलाशी मेला, तर पगाराच्या निम्म्याला त्या आकड्याने गुणतात. वरच्याच खलाशाचे १२,४७,८८० रुपये होतील. हे पैसे मालकाने सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरायचे असतात. बाईच्या हातात परस्पर नोटा ठेवल्या, तर ती भरपाई होत नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी मालक देऊ शकतो. बाईने ती जरूर घ्यावी. ती घेतल्याने तिचा हक्क संपत नाही.

आता मुदतीची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जखमी कामगाराला अर्जासाठी दोन वर्षे मिळतात. पण खलाशी मेला, तर घरच्यांनी मृत्यूची बातमी कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. सगळ्या माणसांसकट बोटच बुडाली, तर ती बुडाल्यापासून अठरा महिने. समुद्रात गेलेल्याचा देह पुष्कळदा मिळत नाही. घरची बाई वाट पाहत राहते. अर्ज केला म्हणजे आपणच त्याला मेलेला म्हटले, असे तिला वाटते. दिवस निघून जातात. उशिराला सबळ कारण असेल, तर अधिकारी अर्ज घेऊ शकतो. तरी त्या भरवशावर बसू नये.

खरा घोळ होतो तो वाट्याचा. पुष्कळ बोटींवर पगार नसतो, मासळीचा वाटा असतो. मग मालक म्हणतो, "हा माझा नोकर नव्हे, भागीदार." म्हणून हंगामाच्या आधीच किती मिळणार, ते कागदावर घ्या. पगार मिळाला की वहीत मांडा. बोटीवर अपघात झाला तर खलाशाने वेगळी नोटीस द्यावी लागत नाही, पण दवाखान्याचा कागद जपून ठेवा. "माझे काही मागणे नाही" असा कागद कोणी पुढे केला, तर सही करू नका. हक्क सोडून देण्याचा तसा करार कायद्याने फुकट जातो, पण भांडण वाढते.

अपघात कोणत्याही बंदरात होवो, अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर शेकडा बारा दराने व्याजही मागता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथे बाईमाणसाला, तिची मिळकत न पाहता, वकील फुकट मिळतो. जाताना दवाखान्याचे कागद, पगाराची वही आणि वयाचा दाखला बरोबर न्यावा.